अभ्यासाची गोडी आमिषाशिवाय: स्व-निर्धारण सिद्धांत घरात कसा वापरावा

मुलगा पाचवीत असताना त्याचे १३ ते २० चे पाढे पक्के व्हावेत म्हणून मी प्रत्येक पाढ्यामागे दहा रुपये देऊ केले होते. १६ च्या पाढ्यापर्यंत चाळीस रुपये जमले आणि मला उपाय सापडल्यासारखे वाटले. १७ च्या पाढ्याला तो म्हणाला, ‘‘आई, हा अवघड आहे. याचे वीस देशील?’’ मी नाही म्हणाले आणि पाढे तिथेच थांबले. मला जास्त लागले ते आठवडाभराने. एसटीत खिडकीशी बसला की समोरून येणाऱ्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरच्या आकड्यांची बेरीज करत राहण्याचा त्याला लहानपणापासून नाद होता. त्या दिवशी सांगली ते कोल्हापूर या सगळ्या वाटेत त्याने एकही बेरीज केली नाही, आणि मीच एक नंबर मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा त्याने विचारले, ‘‘याचे किती मिळणार?’’

या अनुभवाचा अर्थ लावायला मला ज्या सिद्धांताची मदत झाली त्याला मानसशास्त्रात स्व-निर्धारण सिद्धांत म्हणतात. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी तो उभा केला आणि १९८५ साली पुस्तकरूपाने सविस्तर मांडला. गरजा आणि प्रेरणा म्हटले की आपल्याला बहुधा अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये मांडलेली गरजांची उतरंड आठवते: आधी भूक, मग सुरक्षितता, मग प्रेम, मग मान, आणि शेवटी स्वतःतले सामर्थ्य फुलवणे. डेसी आणि रायन यांच्या मांडणीत अशा पायऱ्या नाहीत. त्यांच्या मते माणसाच्या मनाला तीन गोष्टी कायम आणि एकाच वेळी लागतात. आपण जे करतो ते आपल्याला पटून करतो आहोत, ही भावना म्हणजे स्वायत्तता. हे आपल्याला जमते आहे आणि आणखी जमेल, हा अनुभव म्हणजे सक्षमता. आणि ज्यांच्यात आपण वावरतो त्यांना आपण हवे आहोत, हा विश्वास म्हणजे जिव्हाळा. भाकरीला पीठ, पाणी आणि विस्तव तिन्ही लागतात आणि पीठ जास्त घातले म्हणून विस्तवाची उणीव भरून निघत नाही, तसेच या तिघांचे आहे.

मुलाला ‘प्रेरणा द्यायची’ असे आपण सहज बोलून जातो, परंतु या सिद्धांताप्रमाणे प्रेरणा बाहेरून भरायची नसते. ती मुलात असते, आणि तीन गरजांपैकी एखादी उपाशी राहिली की ती आटते. त्यामुळे पालकाचे काम शोध घेण्याचे आहे: कोणती गरज उपाशी आहे, आणि ती उपाशी ठेवण्यात आपला हात किती?

आठ मिनिटांची कसोटी

डेसी यांचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग समजून घेतला की पुढची सगळी पद्धत सोपी वाटते. सोमा नावाचे लाकडी ठोकळ्यांचे एक कोडे असते. त्याच्या सात तुकड्यांपासून अनेक आकृत्या रचता येतात. २४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी ते सोडवायला बोलावले. त्यांतल्या निम्म्यांना दुसऱ्या दिवशी प्रत्येक आकृतीमागे एक डॉलर दिला, तिसऱ्या दिवशी दिला नाही. उरलेल्या निम्म्यांना कधीच काही दिले नाही. प्रत्येक दिवशी मधेच प्रयोग घेणारा काही निमित्त काढून आठ मिनिटे बाहेर जाई. खोलीत मासिके ठेवलेली असत, कोड्याला हात लावण्याची सक्ती नसे, आणि विद्यार्थी काय करतात हे एका बाजूने पारदर्शक असलेल्या काचेतून पाहिले जाई. ज्यांना मधल्या दिवशी पैसे मिळाले होते ते तिसऱ्या दिवशी त्या मोकळ्या आठ मिनिटांत कोड्याकडे पहिल्या दिवसापेक्षा कमी वेळ वळले.

दोन वर्षांनी मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांवर असाच प्रयोग केला. ज्यांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले होते, ती मुले एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रे काढत होती. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, चित्र झाल्यावर मिळाले, त्यांची आवड मात्र टिकून होती. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो, कारण नुकसान वस्तूने झालेले नाही, आधी घातलेल्या अटीने झालेले आहे. या निष्कर्षांवर पुढे मोठा वाद झाला. जुडी कॅमरॉन आणि डेव्हिड पिअर्स यांनी १९९४ मध्ये बक्षिसांचा धोका फुगवून सांगितला जातो असा दावा केला, आणि डेसी, रायन व रिचर्ड केस्टनर यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोग एकत्र तपासून, अटीवर दिलेली वस्तुरूप बक्षिसे आवडीच्या कामातली आंतरिक प्रेरणा कमी करतात, हे पुन्हा दाखवून दिले.

म्हणून सुरुवात इथूनच करावी. पहिला आठवडा काहीही बदलू नये, केवळ पाहावे. संध्याकाळी मूल मोकळे असते आणि कोणी त्याला काही सांगत नसते, अशी काही मिनिटे रोज निवडावीत आणि त्या वेळात ते कशाकडे वळते हे रात्री एका ओळीत वहीत लिहून ठेवावे. मोबाईल समोर असेल तर बाकी सगळे झाकले जाते, म्हणून त्या वेळेपुरता घरातल्या सगळ्यांचाच मोबाईल बाजूला असू द्यावा. पाहणे म्हणजे पहारा नव्हे. मुलाला कळू न देता, आपण आपले काम करत असताना जेवढे दिसते तेवढे पुरे. आठवड्याच्या शेवटी बहुतेक पालकांना अशी एखादी गोष्ट सापडते जी मूल कोणी न सांगता करते: जुन्या रिमोटचे स्क्रू काढणे, कुत्र्याला शिकवणे, क्रिकेटचे धावफलक लिहिणे. ही यादी जपून ठेवावी. प्रेरणा शाबूत आहे याचा तो पुरावा आहे, आणि ‘याला कशातच रस नाही’ हे आपले वाक्य बहुधा तिथेच खोटे ठरते.

कारण कोणत्या पायरीवर आहे

दुसऱ्या आठवड्यात एकदाच, भांडण चालू नसताना, मुलाला विचारावे की तो गृहपाठ का करतो. १९८९ मध्ये रायन आणि जेम्स कॉनेल यांनी शाळकरी मुलांना नेमके हेच विचारले होते. उत्तरांतून जी पट्टी तयार होते ती अशी. सगळ्यांत खाली ‘माहीत नाही, करायचा म्हणून करतो’ हे उत्तर, ज्यात इच्छाच उरलेली नसते. त्यावर ‘नाही केला तर बाई ओरडतात’ किंवा ‘केला तर सायकल मिळणार आहे’, म्हणजे बाहेरचा धाक आणि बाहेरचे आमिष. त्याच्या वर ‘नाही केला तर मलाच कसेतरी वाटते, आईला वाईट वाटेल’, म्हणजे बाहेरचा धाक आता आत येऊन बसला आहे. त्याच्याही वर ‘मला समजून घ्यायचे आहे’, म्हणजे कारण पटले आहे. हे पटणे पुढे मुलाच्या स्वतःच्या आवडीनिवडींशी आणि मूल्यांशी एकरूपही होऊ शकते. आणि टोकाला ‘मजा येते’, म्हणजे निखळ हौस.

तिसऱ्या प्रकारच्या मुलांकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगायचे आहे. ही मुले अभ्यास करतात, वही नीट ठेवतात, तक्रार करत नाहीत, आणि म्हणून त्यांच्याविषयी कोणाला काळजी वाटत नाही. रायन आणि कॉनेल यांना आढळले की हा आतला धाक असलेली मुले मेहनत करतात खरी, परंतु त्यांना चिंताही जास्त असते आणि अपयश आले की ती लवकर कोलमडतात. ‘आम्ही तुझ्यासाठी किती खस्ता खातो’ हे वाक्य आपल्या घरांतून रोज ऐकू येते. ते खरे असते. तरीही त्यातून उपजणारी प्रेरणा ही याच पायरीवरची असते.

आणखी एक अपेक्षा इथेच सोडून द्यावी. प्रत्येक विषय हौसेच्या टोकाला पोहोचत नाही. सनावळ्या किंवा शुद्धलेखनाचे नियम यांची मजा वाटावी असा हट्ट धरण्यापेक्षा त्यांचे कारण पटावे एवढे उद्दिष्ट ठेवले तर ते साध्य होते आणि टिकते.

स्वायत्तता म्हणजे मोकाट सोडणे नव्हे

या शब्दाचा सर्वाधिक गैरसमज होतो, म्हणून त्यावर थोडे थांबावे लागेल. केस्टनर, रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांना रंगकाम करायला दिले. पसारा करायचा नाही, हा नियम एका गटाला ‘असेच केले पाहिजे’ अशा भाषेत सांगितला. दुसऱ्या गटाला तोच नियम सांगताना, रंग मनसोक्त फासायला मजा येते हे आम्हाला ठाऊक आहे, पण हे साहित्य आणि ही खोली इतर मुलांसाठीही नीट राहायला हवी, असे कारणासह सांगितले. तिसऱ्या गटाला नियमच नव्हता. पहिल्या गटाची गोडी कमी झाली आणि चित्रेही फिकी पडली. दुसरा गट मात्र नियम नसलेल्या गटाच्या बरोबरीने रमला. मर्यादा तीच, भाषा वेगळी.

डेसी आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या एका प्रयोगात अतिशय कंटाळवाणे काम दिले होते: संगणकाच्या पडद्यावर ठिपका दिसला की कळ दाबायची. त्यात तीन गोष्टींचा परिणाम तपासला होता: कामाचे खरे कारण सांगणे, कंटाळा येतो हे मान्य करणे, आणि दबावाची भाषा टाळून निवडीला वाव देणे. या तिन्हींतल्या किमान दोन असल्या की माणसे ते काम पुढे स्वेच्छेने आणि मनापासून करत. घरात वापरायला हा साचा उत्तम आहे. ‘आधी नकाशा भर, नाहीतर टीव्ही बंद’ याऐवजी असे म्हणता येते: ‘‘नकाशा भरायचा तुला कंटाळा येतो, ते दिसतंय मला. पण उद्या बाई त्यावरूनच नद्यांचा धडा शिकवणार आहेत, आणि तुझा नकाशा कोरा असला तर तुला ते कळणार नाही. जेवणाआधी बसतोस की जेवण झाल्यावर, ते तू ठरव.’’ नकाशा भरायचा आहे, हे इथे सुटलेले नाही. वेळ मात्र त्याची आहे. अशा वेळी त्याने ‘जेवण झाल्यावर’ म्हटले आणि आपण साडेआठला आठवण करून दिली तर चालते. आठ वाजताच ‘बसलास का’ असे विचारले तर दिलेली निवड परत घेतल्यासारखे होते.

कारण सांगताना ते खरे असावे आणि जवळचे असावे. ‘पुढे चांगली नोकरी लागेल’ हे दहा वर्षांच्या मुलाला इतके लांबचे असते की ते कारण म्हणून त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि कारण आपल्यालाच ठाऊक नसेल, तर ‘मलाही माहीत नाही, उद्या बाईंना विचारून बघ’ असे सरळ सांगावे; बनवलेले कारण मुलांना लगेच ओळखू येते.

निवड देणे म्हणजे प्रत्येक गोष्ट मुलावर सोडणे, असेही नाही. शीना अय्यंगार आणि लेपर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत सात ते नऊ वर्षांच्या मुलांना अक्षरे जुळवून शब्द तयार करण्याची कोडी दिली. गोऱ्या अमेरिकी घरांतल्या मुलांनी स्वतः निवडलेल्या कोड्यांत सर्वांत चांगली कामगिरी केली, तर जपानी आणि चिनी वंशाच्या घरांतल्या मुलांनी, आईने निवडली आहेत असे सांगितलेल्या कोड्यांत. आपल्याकडच्या एकत्र जेवणाऱ्या, एकमेकांना विचारून चालणाऱ्या घरांना यात ओळखीचे काही दिसेल. मुलाने मोठ्यांचे ऐकणे आणि त्याची स्वायत्तता यांत मुळातच विरोध नाही. रायन यांनीही स्वायत्तता म्हणजे एकट्याने ठरवणे नव्हे, तर जे करतो ते मनापासून पटलेले असणे, हा भेद वारंवार स्पष्ट केला आहे. आजीने सांगितलेले स्तोत्र मूल आनंदाने पाठ करते, ते आजीवर त्याचा जीव असतो म्हणून. प्रश्न कोणी सांगितले हा नसून, सांगितलेले मुलाने आपले मानले की नाही, हा आहे.

जमते आहे, हे मुलाला कसे कळते

सक्षमतेची भूक कौतुकाने भागते असे वाटते, परंतु ‘हुशार आहेस’ या शब्दांतून मुलाला काय जमले हे कळत नाही. माहिती देणारे कौतुक वेगळे असते: ‘या वेळी हातचा विसरला नाहीस’, ‘उत्तर चुकले, पण मांडणी तिसऱ्या पायरीपर्यंत बरोबर आहे’. मी पाढ्यांकडे परत गेले तेव्हा पाठांतर बाजूला ठेवले आणि १९ चा पाढा एका कागदावर खाली खाली लिहून त्याच्यासमोर नुसता ठेवला: १९, ३८, ५७, ७६, ९५. बराच वेळ तो गप्प बसला. मग एककाच्या घरावरून बोट खाली नेत म्हणाला, ‘‘नऊ, आठ, सात, सहा, पाच. आई, हे उतरत चाललेत!’’ नंतर दशकाचे घर: एक, तीन, पाच, सात, नऊ. ‘‘आणि इकडे दोन-दोनने चढतात. मग पुढे अकरा आणि चार, म्हणजे एकशे चौदा!’’ १९० पर्यंत तो मला न विचारता गेला, आणि मग असाच काही नियम १८ च्या पाढ्यात आहे का, ते शोधू लागला. मी त्या वेळी काहीही बोलले नाही, आणि तेच बरे झाले.

काम मुलाला जेमतेम झेपेल एवढे कठीण असावे. फार सोपे दिले तर जमल्याचा आनंद नाही, फार कठीण दिले तर जमण्याची आशा नाही. एखादा विषय मूल सतत टाळत असेल तर एक-दोन इयत्ता मागे जाऊन, ते कुठपर्यंत सहज करते हे शोधावे. सातवीतल्या मुलीला अपूर्णांकांची भीती असेल तर मूळ पुष्कळदा चौथीतल्या भागाकारात सापडते. तिथून पुन्हा सुरुवात करण्यात वेळ जातो खरा, परंतु दुसरा मार्ग नाही.

जिव्हाळ्याविषयी एकच गोष्ट सांगते, कारण बाकी ती प्रत्येक घराला ठाऊक असते. प्रेम आणि गुण यांची गाठ मारू नये. निकालाच्या दिवशी गुण कमी आले म्हणून जेवणाच्या ताटावर कोणी बोलेनासे झाले, तर मुलाच्या दृष्टीने आपण या घराला हवे आहोत की नाही, हे त्या आकड्यावर अवलंबून राहते. निकालाविषयी बोलायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी बोलावे. त्या संध्याकाळी नेहमीसारखे जेवावे.

चालू असलेली बक्षिसे कशी थांबवावीत

बक्षीस एकदम बंद केले तर मुलाला ती शिक्षा वाटते, आणि त्याचे वाटणे बरोबर असते, कारण ठरलेला सौदा आपण मोडलेला असतो. म्हणून ज्याचा शब्द दिला आहे ते पूर्ण द्यावे आणि नवा शब्द देऊ नये. आपण हे का थांबवतो आहोत तेही मुलाला सांगावे. मी मुलाला १७ च्या पाढ्याचे दहा रुपये दिले आणि म्हणाले की पाढ्यांना पैसे लावले ही माझी चूक झाली, कारण आकडे तुला तसेही आवडत होते. हातखर्चाला पैसे हवेत तर ते स्वतंत्रपणे, अभ्यासाशी न जोडता द्यावेत. एखादे मोठे काम पार पडल्यावर, आधी न सांगता, सगळ्यांनी मिळून आइस्क्रीम खायला जाणे यात काहीच गैर नाही. बालवाडीच्या प्रयोगातले अनपेक्षित प्रशस्तिपत्र इथे आठवावे. ज्या कामात मुळात कोणालाच गोडी नसते, जसे अडगळ आवरणे, तिथे छोट्या मोबदल्याने गोडी जाण्याचा धोकाही नसतो.

हे सगळे करताना पालकाने स्वतःवरच्या दबावाकडेही पाहावे. वेंडी ग्रोलनिक आणि सहकाऱ्यांनी तिसरीच्या मुलांच्या आयांना मुलांबरोबर शाळेतल्यासारखे काम करायला बसवले तेव्हा, मुलाने चांगलेच केले पाहिजे असा दबाव ज्या आयांवर टाकला होता त्या मुलांवर अधिक हुकूमत गाजवू लागल्या. पालकसभेहून परतताना, नातेवाइकांच्या गटात कोणाच्या गुणपत्रिकेचा फोटो आल्यावर, किंवा शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज भरला त्या आठवड्यात आपला आवाज कसा बदलतो, हे वहीत टिपून ठेवावे. अशा संध्याकाळी अभ्यास घ्यायला शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी बसावे.

सुरुवात परीक्षेच्या तोंडावर करू नये. धाक आणि आमिष काढून घेतल्यावर पहिले दोन-तीन आठवडे अभ्यास कमी झालेला दिसण्याची शक्यता असते, आणि परीक्षा समोर असेल तर ते पाहवत नाही, हात पुन्हा जुन्या उपायांकडे जातो. जूनमध्ये शाळा सुरू होताना किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात केली तर निभावते. दोन-तीन महिने नेटाने करूनही मूल वाचायला बसले की डोके दुखते म्हणत असेल, ओळी सुटत असतील, अक्षरांची सतत अदलाबदल होत असेल, किंवा आवडीच्या गोष्टींतूनही त्याचे मन उडाले असेल, तर हा प्रेरणेचा प्रश्न आहे असे गृहीत धरू नये; आधी डोळे तपासून घ्यावेत आणि मग शाळेतल्या समुपदेशकांशी किंवा बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.